घर उभं आहे

यंदा मृग लागला त्या आठवड्यात सांगलीवाडीतल्या शाळेच्या व्हरांड्यात आमची पुराच्या तयारीची बैठक झाली. २०१९ पासून हा नेमच पडला आहे. पाऊस धरायच्या आत एकदा बसायचं आणि गल्लीवार आठवायचं, कुणाकडे म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलंय, कुणाची सून दिवसांची आहे, कुणाची म्हैस ऐनवेळी ट्रॉलीत चढायला अडून बसते. आजवर हे सगळं वहीत लिहायचो. यंदा पोरांनी मोबाइलवर फॉर्म तयार करून आणला होता. माझ्याच वर्गात चौथीपर्यंत शिकलेला एक मुलगा आता इंजिनिअर झालाय, त्याने फोन माझ्या हातात दिला. "बाई, तुम्ही भरून बघा की." मी चष्मा लावला आणि भरायला लागले. नाव, माणसं किती, लहान मुलं किती, फोन नंबर. मग प्रश्न आला, घराचं नुकसान? खाली तीन गोल: पूर्ण, अंशतः, नाही. मी सहज ‘नाही’वर बोट ठेवलं. पडद्यावर आलं, ‘माहितीबद्दल धन्यवाद.’ आणि फॉर्म संपला.

"संपला?" मी विचारलं.

"नुकसानच न्हाई म्हटल्यावर पुढं काय विचारायचं बाई?" तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. मन लावून केलेलं काम होतं, बाकीची पोरं कौतुकाने बघत होती. मीही मान हलवली, चहा घेतला आणि घरी आले.

पण रात्री डोळा लागेना. तो फॉर्म मनातून जात नव्हता, आणि त्याच्या मागे आणखी काहीतरी होतं, जे मला आठवत नव्हतं की आठवायचं नव्हतं कुणास ठाऊक. शेवटी उठले, दिवा लावला आणि लोखंडी कपाटातून जुनी वही काढली. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, ओल लागून फुगलेली. एका बाजूने २०१९ च्या पुराच्या याद्या, आणि वही उलटी करून दुसऱ्या बाजूने २०२० च्या चक्रीवादळाच्या, कोकणात गेलो होतो तेव्हाच्या. एकतीस वर्षं मी शाळेत पट भरला, त्यामुळे रकाने पाडल्याशिवाय माझा हात चालत नाही. पानं उलटता उलटता सापडलं. माझंच अक्षर, फळ्यावर लिहावं तसं गोल आणि स्वच्छ. अनुक्रमांक तेवीस. बाईचं नाव. माणसं पाच. आणि शेवटच्या रकान्यात: घर उभं आहे. गरज नाही.

हे मीच लिहिलं होतं.

२०१९ चं वर्णन मी करत बसत नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगावं लागत नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली चाळीस फुटांना इशारा आणि पंचेचाळीसला धोका हे आमच्याकडे पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. २००५ च्या पाण्याची खूण ज्यांच्या भिंतीवर होती त्यांनी तिच्यावर भरवसा ठेवून सामान त्याच्या वर उचलून ठेवलं, आणि पाणी ती खूण बुडवून आणखी तीन-साडेतीन फूट चढलं, ५७ फुटांच्या वर गेलं. नागपंचमीला, ५ ऑगस्टला, आम्ही अजून ‘बघू, उद्या उतरेल’ म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी मी नेसत्या साडीवर, एक पिशवी आणि सासूबाईंचं औषध एवढंच घेऊन विश्रामबागेत बहिणीकडे गेले. तिथल्या एका शाळेत पूरग्रस्तांची सोय केली होती. हात रिकामे बसवेनात म्हणून मी तिथे याद्या लिहायला लागले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटल्याची बातमी आली तेव्हा मी यादीच लिहीत होते. बाकड्यावर बसलेल्या बायकांपैकी एकीचं माहेर पलूसकडचं होतं, ती उठली, भिंतीला टेकली आणि नुसती उभी राहिली. त्या दिवशी त्या खोलीत कुणी मोठ्याने बोललं नाही.

मला त्या दिवसांतलं सगळ्यांत जास्त आठवतं ते भाकरीचं गाठोडं. जत आणि आटपाडीकडून टेम्पो यायचे. त्याच ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे प्यायला टँकरचं पाणी होतं, जनावरं चारा छावणीत बांधलेली होती, आणि त्या बायकांनी घराघरातून दोन-दोन, चार-चार भाकरी गोळा करून धडप्यात बांधून पाठवल्या होत्या. बाजरीच्या, कडक, मध्ये खर्ड्याचा गोळा. एका जिल्ह्यात एकाच वेळी माणसं पाण्यात बुडाली होती आणि पाण्यावाचून होती, आणि ज्यांच्याकडे पाणी नव्हतं त्यांनी पीठ मळलं होतं. ती भाकरी खाताना घास घशात अडकला होता, खोटं कशाला सांगू. लातूरहून आलेला एक माणूस ट्रकमधून पोती उतरवताना म्हणाला होता, "२०१६ ला मिरजेच्या रेल्वेनं आलेलं पाणी आम्ही प्यालोय ताई." एवढंच बोलला आणि पुढचं पोतं उचललं.

पण त्याच मदतीची दुसरी बाजूही मी पाहिली. रस्त्यालगतच्या घरांपुढे बिस्किटांचे खोके थरावर थर, आणि आतल्या गल्लीत, जिथे ट्रक वळत नाही तिथे, दोन दिवस मेणबत्तीसुद्धा नाही. जुन्या कपड्यांचे ढीग. त्यांत लग्नातले कोट होते, फाटके स्वेटर होते, साड्या होत्या पण परकर नव्हते, ब्लाऊज नव्हते. चिखलात उभ्या राहिलेल्या बाईला जरीची साडी देऊन तिने ती कशावर नेसायची? पाळीचं कापड मागायला बायका माझ्याजवळ येऊन कानात बोलायच्या, कारण वाटप करणारी सगळी पोरं होती. आणि रांग. रांगेत जो उभा राहू शकतो त्यालाच मिळतं, हे रांगेचं मूळ आहे. जिला तान्हं मूल आहे, ज्याचा पाय अधू आहे, जो कधीकाळी बऱ्या स्थितीत होता आणि आज हात पसरायला लाजतो, ते रांगेत दिसायचे नाहीत. मी शिक्षिका, मला हे कळायला हवं होतं. पटावर गैरहजर पोराचंही नाव असतं, म्हणून तर तो आला नाही हे आपल्याला कळतं. मदतीच्या यादीत मात्र जो आला तोच असतो.

पाणी उतरल्यावर आम्ही परत आलो. दार फुगून बसलेलं, दोघांनी खांदा लावून ढकललं तेव्हा उघडलं. आत घोट्यापर्यंत राड. डब्यांतली ज्वारी कुजून आंबूस झालेली, मसाल्याच्या डब्यातली हळद भिजून फळीवर पसरलेली, आणि सगळ्यावर डिझेलचा एक तेलकट वास, जो पुढे दिवाळीपर्यंत कपाटातून गेला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. आमच्याकडे भांडी-धुण्याला येणाऱ्या. खराटा आणि पाटी घरून घेऊन आल्या होत्या. पदर खोचला आणि काही न बोलता स्वयंपाकघरातली राड भरायला लागल्या. त्यांचं घर कुपवाडच्या बाजूला, उंचावर. तिथे पाण्याचा थेंब गेला नव्हता. मी त्यांना म्हटलंही, "मावशी, तुमचं बरंय बाई, तुम्ही वाचलात." त्या म्हणाल्या, "व्हय बाई, देवाची कृपा."

मावशी पाच घरची कामं करत होत्या, आमच्या वाडीत दोन आणि नदीकाठच्या भागात तीन. पाचही घरं पाण्यात गेली. त्यांतल्या दोन घरांतली माणसं पुण्याला लेकाकडे गेली ती तीन महिन्यांनी परत आली, एका घराने नंतर बाई लावलीच नाही. मावशींचा नवरा हळदीच्या वखारीत हमाल, आणि त्या वखारीत पाणी शिरून पोती भिजली होती, म्हणजे त्याचंही काम बसलं. हे सगळं मला कळलं ते दिवाळीच्या तोंडावर, तेही दुसऱ्या कुणाकडून. शासनाकडून आम्हाला पूरग्रस्त म्हणून सानुग्रह रक्कम मिळाली, शहराला पंधरा हजार होते. नातेवाइकांनी भांडी दिली, शाळेतल्या सहकाऱ्यांनी पाकीट दिलं. मावशींना कुणी काही दिलं नाही, कारण त्या पूरग्रस्त नव्हत्या. त्यांनी ऑगस्टचा पगार मागितला नाही आणि मी तो ऑक्टोबरमध्ये दिला. मला वाटत होतं मी बुडाले आहे, आणि बुडालेल्या माणसाचं कोण कुणाला देणं लागतं. हे लिहिताना आजही हात थांबतो. माझ्या वहीत, पुराच्या बाजूच्या एकशे बारा कुटुंबांच्या यादीत, मावशींचं नाव कुठेच नाही.

एवढं झाल्यावरही मी कोकणात जाऊन ते वाक्य लिहिलं, हे मला जास्त लागतं.

२०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा आम्ही घरात कोंडलेले होतो, टाळेबंदी चालू होती. दोन दिवसांनी वटपौर्णिमा. कुंडीत लावलेल्या वडाच्या फांदीला दोरा गुंडाळत होते आणि फोन वाजला. माझी डीएडची मैत्रीण, म्हसळ्याच्या बाजूला शिक्षिका आहे, गावाबाहेरच्या टेकाडावर चढून तिने रेंज मिळवली होती. "अगं, आमच्याकडं पुजायला वडच राहिला नाही," ती म्हणाली, आणि मग बराच वेळ काहीच बोलली नाही. वारा नुसता मागून ऐकू येत होता. मी विचारलं, काय पाठवू, तांदूळ पाठवू? तिने सांगितलं ते मी तेव्हाच वहीत उतरून घेतलं. तांदूळ नको, तांदूळ आहे, पण भिजलाय आणि वाळवायला कोरडी जागा नाही. ताडपत्री पाठव. पत्र्याचे हूक आणि वायसर पाठव, पत्रे उडून शेतात पडलेत ते परत बसवता येतील पण हूक बाजारात उरले नाहीत. मेणबत्त्या. काडेपेट्या, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. सुती साड्या परकरासकट. जुने कपडे एकही नको.

आठ दिवसांत आमच्या वाडीने टेम्पो भरला. पूर ज्याने पाहिलाय त्याला समजवावं लागत नाही, हे मी त्या आठ दिवसांत पाहिलं. बचत गटाच्या बायकांनी गटाच्या पैशांतून तीस ताडपत्र्या घेतल्या. ज्या दुकानदाराचं हार्डवेअरचं दुकान आदल्या वर्षी कमरेएवढ्या पाण्यात होतं त्याने हूक-वायसरचे पैसे घेतले नाहीत. हिशेबाच्या चिठ्ठीवर त्याने नुसती रेघ मारली. एका म्हातारीने शेंगदाण्याची चटणी कुटून दिली, भरपूर तिखट. म्हटलं आजी, कोकणातल्या लोकांना एवढं तिखट सोसणार नाही. म्हणाली, "सोसंल. भिजलेल्या माणसाला तिखट लागतंय." प्रवासाचा परवाना दोन दिवसांचा मिळाला. आम्ही चौघंजण, तोंडाला मास्क, कराड, पाटण, कोयनानगर करत कुंभार्ली घाट उतरलो. टेम्पो चालवणारा माझाच जुना विद्यार्थी. कोयना धरणाचा शिवसागर मागे पडला तेव्हा तो म्हणाला, "बाई, ह्याच पाण्यानं आपल्याला बुडवलं." पलीकडे कोकणात उतरेपर्यंत मग कुणी बोललं नाही.

श्रीवर्धनच्या अलीकडच्या त्या गावात शिरताना पहिल्यांदा जाणवला तो उजेड. कोकणातल्या वाडीत भर दुपारी असते ती गार हिरवी सावली नव्हतीच. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, अर्ध्यातून मोडून एकमेकींवर पडलेल्या, माड मुळासकट उपटून आडवे, आणि त्यांच्या मुळांना चिकटलेली लाल माती पावसाने धुऊन खाली वाहत होती. जमिनीवर पडलेले फणस सडून त्यांचा गोडसर, डोकं धरणारा वास सगळीकडे. गावातला एक म्हातारा माझ्या शेजारी उभा राहून म्हणाला, "इथून कधी समुद्र दिसला नाही. नुसता ऐकू यायचा." मी बघितलं तर खरंच, मोडक्या बुंध्यांच्या पलीकडे राखाडी पाणी दिसत होतं. विजेचे खांब रस्त्यावर आडवे होते. गावातली पोरं करवती घेऊन रोज एकेक फर्लांग रस्ता मोकळा करत होती, कुणाची वाट न बघता. संध्याकाळी सगळ्यांचं जेवण देवळात एकत्र शिजत होतं, आणि त्याला कुणी ‘मदत’ म्हणत नव्हतं.

यादी गावाने आधीच केली होती. पडलेली घरं, छप्पर उडालेली घरं. मी नुसतं फिरून खात्री करायची आणि ताडपत्री कुणाला किती ते ठरवायचं, एवढंच माझं काम. बरोबर गावातली एक कॉलेजची मुलगी होती. बावीस घरं झाली. तेविसावं वाडीच्या टोकाला. लहानसं, कौलारू, मातीच्या भिंतींचं, सारवलेल्या अंगणाचं. एक माड घराच्या डावीकडे पडला होता, दुसरा उजवीकडे, आणि मधलं घर तसंच्या तसं. चार कौलं सरकली असतील. बाई दारात बसून ओल्या लाकडांची साल सोलून काढत होती, आतलं कोरडं लाकूड चुलीला मिळावं म्हणून. मी विचारलं, "ताई, घराचं नुकसान?" ती उठून उभी राहिली. "नाही ताई. घर उभं आहे." मी हसले, म्हटलं, "चांगलं झालं बघा, दोन्ही बाजूंना झाडं पडून तुम्ही वाचलात." ती म्हणाली, "हो." मी लिहिलं. मग तिने विचारलं, "वाडीतली झाडं कोण लिहून घेतंय?" मी सांगितलं, "त्यांचा पंचनामा कृषी खात्याची माणसं करतील, ज्याचा सातबारा त्याच्या नावावर." ती पुन्हा "हो" म्हणाली. थोडं थांबून म्हणाली, "बरं." आणि खाली बसून साल सोलायला लागली.

‘तुम्ही वाचलात.’ मावशींना म्हटलं तेच शब्द, दहा महिन्यांनी, दुसऱ्या दारात.

रात्री मेणबत्तीच्या उजेडात यादीवरून हात फिरवत होतो तेव्हा त्या मुलीने सांगितलं. त्या बाईचा नवरा झाडावर चढून सुपारी-नारळ काढतो. पाच-सहा वाड्यांचं काम त्याच्याकडे होतं. ती स्वतः हंगामात सुपारी सोलायला जायची. सगळ्या वाड्या आता जमिनीवर. मी म्हटलं, "अगं, मग तिथंच सांगायचंस की." ती गोंधळली. "तुम्ही घराचं विचारलंत ना ताई. मला वाटलं, कामाचं यादीत येत नाही." ती लहान मुलगी होती, तिने माझ्याकडून शिकायचं होतं, आणि माझ्याकडून ती हे शिकली. ताडपत्र्या मोजून वाटल्या गेल्या होत्या. सकाळी परवान्याची मुदत संपायच्या आत निघायचं होतं, आम्ही निघालो. पुढे मैत्रिणीच्या हातून मी त्या घरी धान्य आणि थोडे पैसे पाठवले, ते पोचले. पण मला माहीत होतं की तो प्रश्न एका पिशवीचा नव्हताच.

पोफळ लावली की फळाला यायला पाच-सात वर्षं जातात, माडालाही तेवढीच, कधी जास्त. शासनाने फळबागांची भरपाई हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केली तेव्हा वाडीवाल्यांनी कपाळाला हात लावला, कारण कोकणात कुणाची वाडी हेक्टरभर असते? दहा गुंठे, पंधरा गुंठे. त्यांचं दुःख मी कमी लेखत नाही. आजोबांनी लावलेली झाडं एका दुपारी गेलेली बघून हंबरडा फोडलेला मालक मी पाहिला. पण त्याचं दुःख निदान मोजायला कुणीतरी आलं, टेप घेऊन, वही घेऊन. जो त्या झाडावर चढत होता त्याचं झाडाशी असलेलं नातं कुठल्याच उताऱ्यावर नाही. कमरेला कोयती, पायात दोराचं कडं, हातात त्या बुंध्याची चाळीस वर्षांची ओळख. एका पोफळीवरून झुकून दुसरीवर जायचं कसब, त्यासाठी पोफळी जवळजवळ आणि उभ्या लागतात. त्याची पाच-सात वर्षं कोण मोजणार? त्याचं काहीच पडलं नाही. घर उभं आहे.

२०२१ च्या जुलैमध्ये आमच्याकडे पाणी पुन्हा पन्नासच्या वर गेलं. त्याच दिवसांत चिपळूण बुडालं होतं, महाडजवळच्या तळिये गावावर डोंगर आला होता, त्यामुळे बाहेरून येणारी मदत तिकडे वळणं बरोबरच होतं. आम्ही आमच्यापुरतं बघायचं ठरवलं. या वेळी मी बचत गटाच्या बायकांना म्हटलं, घरांची यादी नको, चुलींची करू. एका उंबऱ्याच्या आत तीन-तीन चुली असतात, थोरल्याची वेगळी, धाकट्याची वेगळी, टाकून दिलेल्या लेकीची पडवीत तिसरी. घराला एक पिशवी दिली की ती पहिल्या चुलीपाशीच थांबते. गटाच्या अक्कांनी ते लगेच धरलं. रात्री देवळाच्या कट्ट्यावर बसून त्या तोंडाने गल्ली चालत गेल्या. ‘मारुतीच्या मागनं सुरू करा गं. पयलं कोण? त्यांची चूल पेटतीय? काम चालू हाय का बसलंय?’ एकीला माहीत नसेल तर दुसरीला असायचंच. कोण उधारी मागायला लागलंय, कुणाच्या दारात सकाळी चहाचा वास येईनासा झालाय, कुणी मंगळसूत्रातले मणी मोडले, हे गल्लीतल्या बाईला जेवढं कळतं तेवढं कुठल्याही कागदाला कळत नाही. त्या यादीत इस्त्रीवाला आला. त्याचं घर वरच्या मजल्यावर, कोरडं, पण गिऱ्हाईकांचे कपडे खालच्या टपरीत बुडाले होते आणि लोक भरून मागत होते. भाड्याने राहणारं वीटभट्टीवरचं कुटुंब आलं. आणि कुपवाडच्या मावशी आल्या. अक्कांनी माझ्याकडे न बघता त्यांचं नाव घेतलं. त्यांना सगळं माहीत होतं.

सगळं गोडीगुलाबीने झालं असं नाही. एक गृहस्थ चिडून म्हणाले, "असं बघायला गेलं तर अख्खं गाव यादीत येईल, मग ज्याच्या घरात पाणी शिरलं त्याला काय राहणार?" त्यांच्या घरात छातीएवढं पाणी होतं. त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही, आजही येत नाही. पोती चाळीस होती आणि चुली सत्तर. शेवटी पोती फोडली, पसाभर इकडे पसाभर तिकडे केलं, आणि काही माणसं आमच्यावर रुसली ती अजून रुसलेली आहेत. त्यातल्या एका घरी मी गेल्या वर्षी हळदीकुंकवाला गेले तर सरबत दिलं, पण बोलल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटतं. पण पुन्हा वेळ आली तर मी पोती फोडायलाच सांगेन.

तर त्या फॉर्मचं. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन त्या मुलाकडे गेले. तेविसावा क्रमांक दाखवला आणि सगळं सांगितलं, मावशींपासून. तो बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. मग लॅपटॉप उघडला. "बाई, ‘नाही’ म्हटल्यावर काय विचारायचं सांगा." मला पटकन सुचलं नाही. एवढी वर्षं हे मनात घेऊन फिरत होते आणि प्रश्न काय विचारायचा ते वाक्य माझ्याकडे तयार नव्हतं. त्याची आई आतून कणीक मळता मळता म्हणाली, "विचार की, कामावर कधी जाणार हायसा?" त्याने ते जसंच्या तसं टाइप केलं. मी म्हटलं, ‘हायसा’ राहू दे.

घरी येऊन मैत्रिणीला फोन लावला. तीही आता निवृत्त झाली आहे. इकडचं-तिकडचं बोलून झाल्यावर मी तिला त्या वाडीचं विचारलं. तिने खुशीत सांगितलं, पोफळी पुन्हा चांगल्या उठल्यात, डोक्याच्या वर गेल्यात, एखाद-दुसरीला पोय आली आहे, आता गावातून समुद्र परत दिसेनासा व्हायला लागलाय. मग मी त्या टोकाच्या घराचं विचारलं. नाव सांगितलं.

"ती होय," मैत्रीण म्हणाली. "तो पनवेलला वॉचमन लागला, त्याला झाली की तीन-चार वर्षं. नंतर ती पण गेली मुलांना घेऊन. गणपतीत येतात कधी कधी." पलीकडून कुणीतरी तिला हाक मारली, ती ‘आले आले’ म्हणाली आणि परत फोनवर आली. "घर आहे की अजून. चांगलं उभं आहे. कुलूप असतं."